एन.टी. रामाराव यांचा राजकीय प्रवास

नंदमुरी तारक रामाराव (२८ मे १९२३ – १८ जानेवारी १९९६) हे तेलुगू चित्रपट अभिनेते, निर्माते, दिग्दर्शक आणि तेलुगू देसम पक्षाचे संस्थापक होते. ते एन.टी. रामाराव किंवा एनटीआर या नावाने ओळखले जातात. तेलुगू भाषक त्यांना आदराने 'अण्णागारू' म्हणत. तेलुगूत 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. २९ मार्च १९८२ रोजी त्यांनी हैदराबादेत पक्षाची घोषणा केली. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, ९ जानेवारी १९८३ रोजी, ते आंध्र प्रदेशाचे पहिले बिगर-काँग्रेसी मुख्यमंत्री झाले. १९८३ ते १९८९ या काळात, १९८४ मधील एका महिन्याचा अपवाद वगळता, आणि पुन्हा डिसेंबर १९९४ ते ऑगस्ट १९९५ या काळात ते या पदावर होते.

भारतात चित्रपट कलावंतांनी राजकारणात येण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. शेजारच्या तमिळनाडूत एम.जी. रामचंद्रन १९७७ मध्येच मुख्यमंत्री झाले होते. मात्र रामचंद्रन हे द्रविड मुन्नेत्र कळघमचे जुने कार्यकर्ते व आमदार होते. १९७२ मध्ये त्या पक्षातून बाहेर पडून त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, तेव्हा संघटनेचा एक भाग त्यांच्याबरोबर आला. रामाराव यांच्यापाशी असे काहीच नव्हते. वयाच्या साठीपर्यंत त्यांनी कोणत्याही पक्षाचे काम केले नव्हते आणि एकही निवडणूक लढवली नव्हती.

पूर्वायुष्य

रामाराव यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील कृष्णा जिल्ह्यात, गुडिवाडाजवळील निम्मकुरू या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. अपत्य नसलेल्या चुलत्यांनी त्यांना दत्तक घेतले. त्यांचे शिक्षण विजयवाडा आणि गुंटूर येथे झाले. विद्यार्थी असतानाच ते नाटकांत कामे करू लागले. १९४७ मध्ये ते मद्रास सरकारच्या सेवेत दुय्यम निबंधक म्हणून रुजू झाले, पण चित्रपटांत काम करण्याच्या ओढीने त्यांनी अवघ्या काही आठवड्यांत ही नोकरी सोडली.

एल.व्ही. प्रसाद दिग्दर्शित 'मन देशम' (१९४९) या चित्रपटात त्यांनी पोलीस अधिकाऱ्याची छोटी भूमिका केली. 'पाताळ भैरवी' (१९५१) या चित्रपटाने ते नायक म्हणून स्थिरावले.

अभिनेता आणि निर्माता

रामाराव यांनी सुमारे ३०० चित्रपटांत भूमिका केल्या. 'मायाबझार' (१९५७) मधील श्रीकृष्ण तेलुगू प्रेक्षकांच्या मनावर इतका ठसला की पुढे अनेक चित्रपटांत ती भूमिका त्यांच्याकडेच आली. 'लवकुश' (१९६३) मधील राम आणि 'श्री वेंकटेश्वर माहात्म्यम' (१९६०) मधील वेंकटेश्वर यांमुळे अनेक घरांत देवाचे चित्र म्हणून त्यांचेच छायाचित्र लागले. तिरुपतीचे दर्शन घेऊन आलेले यात्रेकरू मद्रासमधील त्यांच्या घरापुढे त्यांच्या दर्शनासाठी थांबत.

देवाच्या भूमिकांबरोबर त्यांनी प्रतिनायकही आवडीने रंगवले. स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'सीताराम कल्याणम' (१९६१) मध्ये ते रावण झाले. 'दानवीर शूर कर्ण' (१९७७) मध्ये त्यांनी कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण या तिन्ही भूमिका केल्या. जवळजवळ चार तासांच्या या चित्रपटाचे निर्माते व दिग्दर्शकही तेच होते. दुर्योधनाला दिलेली सहानुभूती आणि जन्मावरून माणसाची योग्यता ठरवण्याला केलेला विरोध यांमुळे या चित्रपटाची चर्चा आजही होते.

निर्मितीचे काम त्यांनी धाकटे बंधू त्रिविक्रम राव यांच्यासह 'नॅशनल आर्ट थिएटर' या संस्थेद्वारे सुरू केले. 'पिच्चि पुल्लय्या' (१९५३), 'तोडु दोंगलु' (१९५४) आणि 'जयसिंह' (१९५५) हे या संस्थेचे सुरुवातीचे चित्रपट. मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा या संस्थेचा चित्रपट म्हणजे 'पांडुरंग माहात्म्यम' (१९५७). कमलाकर कामेश्वर राव दिग्दर्शित या चित्रपटात पंढरपूरच्या पुंडलिकाची कथा असून पुंडलिकाची भूमिका रामाराव यांची होती. बी. सरोजादेवी यांचा हा पहिला तेलुगू चित्रपट. १९७० च्या दशकात रामाराव यांनी हैदराबादेत नाचारम येथे 'रामकृष्ण सिने स्टुडिओ' उभारला. तेलुगू चित्रपटसृष्टी तेव्हा मद्रासहून हळूहळू हैदराबादकडे सरकत होती.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९७७ नंतर त्यांच्या चित्रपटांचे स्वरूप पालटले. के. राघवेंद्र राव दिग्दर्शित 'अडवि रामुडु' (१९७७) हा अफाट चालला आणि पन्नाशी ओलांडलेले रामाराव तरुण, लढाऊ नायकाच्या भूमिकांत दिसू लागले. 'सरदार पापारायुडु' (१९८०), 'कोंडवीटि सिंहम' (१९८१), 'जस्टिस चौधरी' (१९८२) आणि 'बोब्बिली पुली' (१९८२) या चित्रपटांतील नायक भ्रष्ट व्यवस्थेशी एकट्याने झुंजतो. दासरी नारायण राव दिग्दर्शित 'बोब्बिली पुली' पक्षाच्या स्थापनेनंतर काही महिन्यांनी प्रदर्शित झाला आणि त्यातील न्यायालयाचे प्रसंग प्रेक्षकांनी प्रचारसभेसारखे ऐकले.

सार्वजनिक कामाशी त्यांचा संबंध मुख्यतः मदतनिधीपुरता होता. १९५२ मधील रायलसीमेच्या दुष्काळासाठी त्यांनी कलावंतांसह फिरून निधी गोळा केला. नोव्हेंबर १९७७ मध्ये कृष्णा जिल्ह्यातील दिविसीमा भागात चक्रीवादळाने हजारो बळी घेतले, तेव्हा ते अक्किनेनी नागेश्वर राव यांच्यासह मदत मागत रस्त्यावर उतरले.

राजकीय पार्श्वभूमी

आंध्र प्रदेश हा काँग्रेसचा बालेकिल्ला होता. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण झाली, तेव्हाही या राज्याने लोकसभेच्या ४२ पैकी ४१ जागा त्या पक्षाला दिल्या. १९८० मध्ये इंदिरा गांधी स्वतः या राज्यातील मेदक मतदारसंघातून निवडून आल्या. एवढ्या मोठ्या पाठिंब्यामुळेच राज्यातील नेतृत्वाचे निर्णय दिल्लीत होऊ लागले. १९७८ च्या निवडणुकीनंतर पाच वर्षांत राज्याला चार मुख्यमंत्री मिळाले: मर्री चेन्ना रेड्डी, टी. अंजय्या, भवनम वेंकटरामी रेड्डी आणि कोटला विजयभास्कर रेड्डी. यांपैकी एकाचेही जाणे विधानसभेतील बहुमत गेल्यामुळे झाले नव्हते.

फेब्रुवारी १९८२ मध्ये हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर घडलेला प्रसंग या असंतोषाला निमित्त ठरला. तेव्हा खासदार असलेले राजीव गांधी तेथे उतरले असता मुख्यमंत्री अंजय्या मोठा जमाव घेऊन स्वागताला गेले. विमानतळावरच्या या गर्दीवरून राजीव गांधींनी त्यांना सर्वांसमक्ष खडसावले. काही दिवसांतच अंजय्यांना पद सोडावे लागले. अंजय्यांचे साठहून अधिक मंत्र्यांचे मंत्रिमंडळ हा थट्टेचा विषय होता आणि त्यांच्या कारभाराविषयी फारसे कोणी हळहळले नसते. मात्र राज्याच्या मुख्यमंत्र्याचा जाहीर पाणउतारा हा तेलुगू जनतेचा अपमान मानला गेला. 'तेलुगू आत्मगौरव' हा रामाराव यांच्या प्रचाराचा गाभा याच भावनेतून आला.

या अपमानाच्या भावनेला इतिहासाचाही आधार होता. तेलुगू भाषकांच्या स्वतंत्र राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलु यांनी १९५२ मध्ये प्राणांतिक उपोषण केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये आंध्र राज्य आणि १९५६ मध्ये तेलंगणासह आंध्र प्रदेश अस्तित्वात आला. पुढे १९६९ च्या तेलंगण आणि १९७२ च्या जय आंध्र आंदोलनांनी ही एकजूट खिळखिळी केली होती. रामाराव यांच्या पक्षाने 'तेलुगू' हे नाव घेऊन किनारी आंध्र, रायलसीमा आणि तेलंगण या तिन्ही विभागांत एकाच वेळी मते मागितली.

सामाजिक बाजू यापेक्षा कमी बोलली जाते, पण ती तितकीच महत्त्वाची आहे. राज्यातील काँग्रेसमध्ये रेड्डी समाजाचे वर्चस्व होते. कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील कम्मा समाज हरितक्रांती, साखर कारखाने, चित्रपट व वृत्तपत्र व्यवसाय यांतून संपन्न झाला होता, परंतु मुख्यमंत्रिपद त्याच्या वाट्याला आले नव्हते. रामाराव याच समाजातील होते. मागासवर्गीय जातींनाही काँग्रेसमध्ये पुरेसे स्थान नव्हते. तेलुगू देसमने त्यांना मोठ्या प्रमाणावर उमेदवारी दिली आणि या जाती पुढील अनेक वर्षे पक्षाचा आधार राहिल्या.

पक्षस्थापना आणि प्रचार

२९ मार्च १९८२ रोजी पक्षाची घोषणा झाली. पिवळा रंग आणि सायकल ही पक्षाची ओळख बनली. काँग्रेसमधून आलेले नादेंडला भास्कर राव हे सुरुवातीपासून पक्षातील दुसऱ्या क्रमांकाचे नेते होते. रामोजी राव यांच्या 'ईनाडु' या दैनिकाने नव्या पक्षाला ठाम पाठिंबा दिला. १९७४ मध्ये विशाखापट्टणम येथे सुरू झालेल्या या दैनिकाच्या तोवर अनेक आवृत्त्या निघत होत्या आणि ते गावोगाव पोहोचले होते. त्यामुळे रामाराव यांच्या सभांची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यभर वाचली जाई.

प्रचारासाठी रामाराव यांनी एक जुनी शेव्हरोले गाडी बदलून घेतली आणि तिला 'चैतन्य रथम' असे नाव दिले. गाडीच्या टपावर उभे राहून ते भाषण करीत. पुत्र हरिकृष्ण गाडी चालवीत असे. खाकी वेशातील रामाराव रस्त्याकडेला अंघोळ करीत, गाडीतच झोपत आणि मिळेल ते खात. नेत्याने लोकांपर्यंत जाण्याची ही पद्धत पुढे भारतीय राजकारणात रथयात्रा म्हणून रूढ झाली. सभेची ठरलेली वेळ टळून मध्यरात्र उलटली तरी लोक, विशेषतः स्त्रिया, वाट पाहत थांबत असल्याची वर्णने तत्कालीन वार्तांकनात आहेत. त्यांची भाषा पौराणिक चित्रपटांतील संवादांसारखी ग्रांथिक व आघातयुक्त होती. समाज हेच मंदिर आणि लोक हेच देव, अशी त्यांची घोषणा होती.

निव्वळ चित्रपटाच्या लोकप्रियतेवर हे यश मिळाले, असे म्हणणे अपुरे आहे. त्यांनी प्रचारात दोन रुपये किलो दराने तांदूळ, स्त्रियांना संपत्तीत समान हक्क आणि गावकामगारांची वंशपरंपरागत पद्धत रद्द करणे यांसारखी ठोस आश्वासने दिली होती. उमेदवारांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशा प्रथमच निवडणूक लढवणाऱ्या तरुणांचा भरणा होता. तेलुगू चित्रपटाचे अभ्यासक एस.व्ही. श्रीनिवास यांनी तेलुगू सिनेमा आणि राजकारण यांच्या नात्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

५ जानेवारी १९८३ रोजी मतदान झाले. विधानसभेच्या २९४ पैकी २०१ जागा तेलुगू देसमने जिंकल्या, तर काँग्रेसला ६० जागा मिळाल्या. रामाराव स्वतः गुडिवाडा आणि तिरुपती या दोन्ही ठिकाणी विजयी झाले. याच वेळी कर्नाटकातही काँग्रेसचा पराभव होऊन रामकृष्ण हेगडे यांचे सरकार आले. रामाराव यांचे जावई नारा चंद्राबाबू नायडू हे तेव्हा काँग्रेसमध्ये होते. चंद्रगिरी मतदारसंघात तेलुगू देसमच्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला आणि त्यानंतर ते सासऱ्यांच्या पक्षात आले.

पहिला कार्यकाळ

शपथविधी ९ जानेवारी १९८३ रोजी हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियममध्ये लोकांसमक्ष झाला. दोन रुपये किलो तांदळाची योजना त्याच वर्षी लागू झाली. शासनाच्या तिजोरीवर तिचा मोठा भार पडला. अन्नधान्यावरील अनुदान हा राज्याच्या राजकारणातील कायमचा विषय या योजनेपासून झाला आणि नंतरच्या कोणत्याही सरकारला तो टाळता आला नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांशी मात्र पहिल्याच महिन्यांत संघर्ष झाला. निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ करण्यात आल्याने हजारो कर्मचारी एकदम घरी बसले. पुढे ही मर्यादा पुन्हा ५८ झाली आणि मधल्या काळात निवृत्त झालेल्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

जानेवारी १९८४ मध्ये एका अध्यादेशाने करणम, मुन्सब, पटेल, पटवारी ही गावातील वंशपरंपरागत पदे रद्द झाली. जमिनीच्या नोंदी या घराण्यांच्या ताब्यात असत आणि सामान्य शेतकऱ्याला साध्या उताऱ्यासाठीही त्यांची मनधरणी करावी लागे. महाराष्ट्रातील पाटील-कुलकर्णी वतनांशी या पद्धतीचे साम्य होते. ती वतने महाराष्ट्रात १९५० आणि १९६० च्या दशकांतच संपली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये आंध्र प्रदेशाचा निर्णय वैध ठरवला.

कृष्णा नदीचे पाणी मद्रास शहराला देणारा 'तेलुगू गंगा' प्रकल्प १९८३ मध्ये रामाराव व एम.जी. रामचंद्रन यांच्यातील करारानंतर मार्गी लागला. कृष्णा खोऱ्यातील महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्राससाठी सोडण्याचे १९७० च्या दशकातच मान्य केले होते. मद्रासकडे जाणाऱ्या कालव्यातून रायलसीमेतील कोरडवाहू जमिनीलाही पाणी देण्याची रामाराव यांची योजना होती. त्यामुळे खोऱ्यातील वरच्या राज्यांनी अतिरिक्त पाणी उचलण्यास हरकत घेतली आणि हा वाद दीर्घकाळ चालला.

१९८३ मध्ये तिरुपती येथे पद्मावती महिला विद्यापीठ आणि १९८५ मध्ये हैदराबादेत तेलुगू विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबादच्या टँकबंडवर तेलुगू इतिहासातील व्यक्तींचे पुतळे उभारले गेले.

ऑगस्ट १९८४: बडतर्फी आणि पुनरागमन

१९८४ च्या उन्हाळ्यानंतर रामाराव हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले. ते परतल्यावर लगेचच, १६ ऑगस्ट १९८४ रोजी, राज्यपाल ठाकूर रामलाल यांनी त्यांचे सरकार बडतर्फ केले आणि अर्थमंत्री नादेंडला भास्कर राव यांना काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री नेमले. बहुसंख्य आमदार आपल्या पाठीशी असल्याचा रामाराव यांचा दावा होता. तो विधानसभेत पडताळून पाहण्याची संधी त्यांना दिली गेली नाही.

शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बरे न झालेले रामाराव चाकाच्या खुर्चीतून दिल्लीला गेले आणि दीडशेहून अधिक आमदार त्यांनी राष्ट्रपती झैलसिंग यांच्यापुढे उभे केले. आमदार फुटू नयेत म्हणून त्यांना प्रथम हैदराबादेत रामाराव यांच्या स्टुडिओत आणि नंतर हेगडे सरकार असलेल्या कर्नाटकात ठेवण्यात आले. आमदारांना दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवण्याची पुढे सर्वपरिचित झालेली पद्धत या प्रसंगाने देशासमोर आली. राज्यभर निदर्शने झाली. डाव्या पक्षांपासून भारतीय जनता पक्षापर्यंत देशातील विरोधी पक्ष रामाराव यांच्या बाजूने एकत्र आले.

अखेर रामलाल यांच्या जागी शंकरदयाळ शर्मा राज्यपाल झाले. भास्कर राव यांना बहुमत सिद्ध करता आले नाही आणि १६ सप्टेंबर १९८४ रोजी रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. भास्कर राव यांची कारकीर्द ३१ दिवसांची ठरली. राज्यपालांच्या अधिकारांविषयीच्या पुढील चर्चांत हा प्रसंग वारंवार उद्धृत केला जातो.

इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट असताना तेलुगू देसमने राज्यातील ३० जागा जिंकल्या. त्यामुळे एका प्रादेशिक पक्षाला प्रथमच लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष होण्याचा मान मिळाला. या निवडणुकीत पी.व्ही. नरसिंह राव हनमकोंडा मतदारसंघात भाजपच्या उमेदवाराकडून पराभूत झाले. महाराष्ट्रातील रामटेकमधूनही ते उभे असल्यामुळे त्यांना लोकसभेत जाता आले. मार्च १९८५ मध्ये रामाराव यांनी मुदतीपूर्वी विधानसभा निवडणूक घेतली आणि २०२ जागा मिळवल्या. हिंदुपूर, गुडिवाडा आणि नलगोंडा या तीन मतदारसंघांत, म्हणजे राज्याच्या तिन्ही विभागांत, ते स्वतः निवडून आले. त्यांपैकी त्यांनी हिंदुपूर राखले.

१९८५ ते १९८९

या काळातील सर्वांत दूरगामी निर्णय स्त्रियांच्या वारसाहक्काचा होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील आंध्र प्रदेशाच्या दुरुस्तीने अविभक्त कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. ५ सप्टेंबर १९८५ पासून अमलात आलेली ही तरतूद त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना लागू नव्हती. तमिळनाडूने १९८९ मध्ये, तर महाराष्ट्र व कर्नाटकाने १९९४ मध्ये अशीच दुरुस्ती केली. केंद्राचा कायदा २००५ मध्ये झाला.

तालुक्यांऐवजी लहान 'मंडळे' निर्माण करून प्रशासन गावाच्या जवळ नेण्यात आले. तेलंगण आणि आंध्र प्रदेश या दोन्ही राज्यांत ही रचना आजही चालू आहे. विधानसभेत बहुमत असूनही विधान परिषदेत काँग्रेसचे संख्याबळ आड येत असल्याने रामाराव यांनी परिषदच रद्द करण्याचा ठराव करून घेतला आणि जून १९८५ मध्ये ती रद्द झाली. २००७ मध्ये ती पुन्हा स्थापन करण्यात आली. मागासवर्गीयांचे आरक्षण २५ वरून ४४ टक्के करण्याचा १९८६ मधील निर्णय उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला.

त्याच वेळी सरकारच्या मर्यादाही उघड होत गेल्या. १७ जुलै १९८५ रोजी प्रकाशम जिल्ह्यातील कारमचेडू येथे जमीनमालक कम्मांच्या जमावाने दलित वस्तीवर केलेल्या हल्ल्यात सहा दलितांची हत्या झाली. सत्ताधारी पक्षाचा सामाजिक पाया कोणता, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आणि आंध्रातील स्वतंत्र दलित चळवळीला येथूनच जोर मिळाला. निर्णय रामाराव एकट्याने घेत. मंत्र्यांना त्यांत फारसा वाव नसे. फेब्रुवारी १९८९ मध्ये अर्थसंकल्प फुटल्याच्या कारणावरून त्यांनी सगळे मंत्रिमंडळ एका फटक्यात बरखास्त केले. भगवी वस्त्रे, पहाटेपूर्वीच्या बैठका आणि चित्रपटातील राजासारखा वावर यांची टिंगल होऊ लागली. 'मंडलाधीशुडु' (१९८७) या चित्रपटात कोटा श्रीनिवास राव यांनी रामाराव यांच्यावर बेतलेली भूमिका केली. समकालीन नायक कृष्णा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८९ मध्ये एलुरूमधून लोकसभेवर निवडून आले. ज्या माध्यमाने रामाराव यांना उभे केले, तेच त्यांच्याविरुद्धही वापरता येते हे विरोधकांनी ओळखले होते.

डिसेंबर १९८८ मध्ये विजयवाड्यात काँग्रेसचे आमदार वंगवीटी मोहन रंगा यांची हत्या झाली. त्यानंतरच्या हिंसाचाराने किनारी भागातील कापू समाज तेलुगू देसमपासून दुरावला.

राष्ट्रीय राजकारण

केंद्र-राज्य संबंधांविषयी रामाराव यांची भूमिका आक्रमक होती आणि राज्यपालपदाच्या वापरावर ते सातत्याने टीका करीत. मे १९८३ मध्ये विजयवाडा येथे त्यांनी बिगर-काँग्रेस पक्षांच्या नेत्यांची बैठक बोलावली. याच प्रयत्नांतून १९८८ मध्ये राष्ट्रीय आघाडी उभी राहिली. रामाराव तिचे अध्यक्ष आणि व्ही.पी. सिंग निमंत्रक होते. १९८९ च्या निवडणुकीत आघाडी केंद्रात सत्तेवर आली, पण खुद्द अध्यक्षांच्या पक्षाला लोकसभेच्या केवळ दोन जागा मिळाल्या आणि विधानसभेत तो ७४ वर घसरला. कलवकुर्तीत रामाराव स्वतः पराभूत झाले आणि हिंदुपूरमधून निवडून आल्यामुळे विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले.

१९९१ मध्ये पंतप्रधान झालेले नरसिंह राव नंद्याल येथून पोटनिवडणुकीस उभे राहिले, तेव्हा एक तेलुगू माणूस पंतप्रधान झाला आहे म्हणून रामाराव यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही. काँग्रेसविरोधावर उभ्या राहिलेल्या पक्षाचा हा निर्णय अनेकांना कोड्यात टाकणारा वाटला. आत्मगौरवाच्या त्यांच्या भूमिकेशी मात्र तो सुसंगत होता.

पुनरागमन आणि अखेर

विरोधात असताना रामाराव पुन्हा कॅमेऱ्यापुढे आले. 'ब्रह्मर्षी विश्वामित्र' (१९९१) त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. 'मेजर चंद्रकांत' (१९९३) लोकप्रिय ठरला. पहिल्या पत्नी बसवतारकम यांचे १९८५ मध्ये निधन झाले होते. या दाम्पत्याला आठ मुलगे व चार मुली होत्या. १९९३ मध्ये रामाराव यांनी लेखिका लक्ष्मी पार्वती यांच्याशी विवाह केला.

१९९२ पासून नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा या गावातून सुरू झालेले स्त्रियांचे दारूविरोधी आंदोलन राज्यभर पसरले होते. सत्तेवर आल्यास संपूर्ण दारूबंदी करू, असे रामाराव यांनी जाहीर केले. डिसेंबर १९९४ च्या निवडणुकीत तेलुगू देसमला २१६ आणि काँग्रेसला अवघ्या २६ जागा मिळाल्या. जानेवारी १९९५ मध्ये दारूबंदी लागू झाली. अबकारी उत्पन्न बुडाल्याने आणि स्वस्त तांदळाचा खर्च वाढल्याने तिजोरीवर ताण आला. १९९७ मध्ये नायडू सरकारने ही बंदी उठवली.

लक्ष्मी पार्वती यांचा पक्षातील वाढता प्रभाव मुलांना आणि जावयांना मान्य नव्हता. ऑगस्ट १९९५ मध्ये महसूल व अर्थमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य आमदार हैदराबादच्या व्हाइसरॉय हॉटेलात जमले. चैतन्य रथात बसून रामाराव तेथे समजूत घालायला गेले असता त्यांच्या दिशेने चपला भिरकावण्यात आल्या. १९८४ मध्ये राज्यपालांनी बडतर्फ केल्यावर जनता रस्त्यावर उतरली होती. या वेळी आमदार, पक्ष, बहुतेक कुटुंबीय आणि 'ईनाडु' दुसऱ्या बाजूला होते, आणि रस्ते शांत राहिले. १ सप्टेंबर १९९५ रोजी नायडू मुख्यमंत्री झाले. आपल्याला पाठीत खंजीर खुपसला गेला, असे सांगत रामाराव पुढील महिने लोकांत परत जाण्याची तयारी करीत होते. १८ जानेवारी १९९६ रोजी पहाटे हैदराबादेतील निवासस्थानी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

नंतरच्या घडामोडी

लक्ष्मी पार्वती यांनी पतीच्या नावाने वेगळा पक्ष काढला आणि १९९६ मध्ये पातपट्टणम येथील पोटनिवडणूक जिंकली, पण हा पक्ष टिकला नाही. मूळ तेलुगू देसम नायडूंच्या नेतृत्वाखाली राहिला. रामाराव यांचे पुत्र व अभिनेते नंदमुरी बालकृष्ण २०१४ पासून हिंदुपूरचे आमदार आहेत. कन्या दग्गुबाटी पुरंदेश्वरी यांनी वडिलांनी आयुष्यभर विरोध केलेल्या काँग्रेसच्या केंद्र सरकारात मंत्रिपद भूषवले आणि नंतर त्या भाजपमध्ये गेल्या. हरिकृष्ण यांचे २०१८ मध्ये रस्ते अपघातात निधन झाले. रामाराव यांच्या जीवनावर २०१९ मध्ये 'एनटीआर: कथानायकुडु' आणि 'एनटीआर: महानायकुडु' हे दोन चित्रपट आले. त्यांत बालकृष्ण यांनी वडिलांची भूमिका केली. त्याच वर्षी आलेल्या रामगोपाल वर्मा यांच्या 'लक्ष्मीज् एनटीआर' मध्ये अखेरच्या वर्षांची कथा लक्ष्मी पार्वतींच्या बाजूने मांडली आहे.

पुढे २००८ मध्ये तेलुगू अभिनेते चिरंजीवी यांनी प्रजाराज्यम पक्ष काढला. २००९ च्या निवडणुकीत त्याला १८ जागा मिळाल्या आणि २०११ मध्ये तो काँग्रेसमध्ये विलीन झाला. त्यांचे बंधू पवन कल्याण यांनी २०१४ मध्ये जनसेना पक्ष स्थापन केला. २०२४ मध्ये ते तेलुगू देसमबरोबरच्या आघाडी सरकारात उपमुख्यमंत्री झाले.

हुसेनसागर तलावातील बुद्धाचा एकसंध दगडी पुतळा ही रामाराव यांचीच कल्पना होती. मार्च १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना तो तलावात बुडाला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तळाशी राहिला. १९९२ मध्ये तो वर काढून उभा करण्यात आला. रामाराव यांचे स्मारक याच तलावाच्या काठी आहे. एप्रिल २०२२ मध्ये कृष्णा जिल्ह्याचे विभाजन होऊन विजयवाडा हे मुख्यालय असलेल्या नव्या जिल्ह्याला एनटीआर जिल्हा असे नाव देण्यात आले. त्यांचे जन्मगाव निम्मकुरू मात्र कृष्णा जिल्ह्यातच राहिले.